पालीची माशी आणि धुराची गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात एखाद्या गावात लेकरू तापाने फणफणलं, झटके येऊन दगावलं, चंडीपुरा विषाणूच्या मेंदूज्वराचा संशय आला, की दोन दिवसांत आपल्या जिल्हा पानावर ठरलेला फोटो येतो. धुरळणी यंत्रातून निघालेला पांढरा लोट, त्यामागे पळणारी पोरं, कडेला उभे पदाधिकारी. खाली ओळ असते : ‘डबकी बुजवली, धुरळणी पूर्ण, वाळूमाशीचा बंदोबस्त’. पहिली दोन कामं झाली असतील, त्याबद्दल वाद नाही. तिसरं मात्र झालेलं नसतं. वाळूमाशी, म्हणजे हा विषाणू पसरवणारी बारीक चावरी माशी, डबक्यात वाढतच नाही, आणि धूर जातो तिथे ती दिवसा नसते.

नावापासूनच घोळ आहे. वाळू म्हटलं की माणसाला गोदावरीचं पात्र आणि वाळूचे ढीग आठवतात. बांधकामाची वाळू अंगणात पडली म्हणून माशी आली, असं सांगणारे भेटतात. वाळूशी तिचा संबंध रंगापुरता. लांबी दीड ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या निम्मी किंवा त्याहून कमी. अंगभर केस, पाठीला कुबड, अंगाच्या मानाने मोठे काळे डोळे, लांब पाय. बसली की दोन्ही पंख पाठीवर अर्धवट उघडे, इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे. डास पंख मिटून बसतो, ही कधीच मिटत नाही. खूण एवढीच लक्षात ठेवली तरी चालेल. उडण्याची तिची रीतही वेगळी : सरळ उडत न जाता भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. आवाज करत नाही, त्यामुळे कानाशी गुणगुण झाली नाही म्हणून चावलं काहीच नाही, असा समज होतो. गावात तिला वेगळं नाव नाही, सगळ्या बारीक माश्यांसोबत तीही ‘चिलटं’ या एका शब्दात जाते.

माश्यांच्या कुळात हे घराणं फार जुनं. लेबनॉनच्या अंबरात, म्हणजे झाडाच्या गोठून दगड झालेल्या डिंकात, बारा कोटी वर्षांहून जुने तिचे भाऊबंद सापडले आहेत. घरमाशीच्या पंखातल्या शिरा कमी झाल्या, मिशा आखडून बोंडासारख्या झाल्या. हिच्या पंखात लांब समांतर शिरांचा जुना नकाशा अजून तसाच आहे आणि मिशा सोळा मण्यांच्या माळेसारख्या लांब आहेत. सगळे नातलग निरुपद्रवी नाहीत आणि सगळे घातकही नाहीत. न्हाणीच्या भिंतीवर बसणारी पानाच्या आकाराची करडी केसाळ माशी याच कुळातली. ती चावत नाही, मोरीच्या पाइपातल्या बुळबुळीत थरावर वाढते आणि तो थर ब्रशने खरवडून काढला की संपते. लोक तिलाच वाळूमाशी समजून घाबरतात, आणि खरी वाळूमाशी गोठ्यात निवांत असते.

आपल्याकडच्या वाळूमाश्या मुख्यतः दोन प्रजातींतल्या, फ्लेबोटोमस आणि सर्जंटोमिया. फ्लेबोटोमसचं नाव निदान आरोग्य खात्याच्या कागदांत येतं, कारण तिच्यातली एक जात बिहार-बंगालकडे काळा आजार पसरवते. सर्जंटोमियाला मात्र कुणी विचारत नाही. ही प्रजाती १९२० मध्ये वेगळी मानली गेली. भारतात तिच्या पुष्कळ जाती आहेत. एकीचं शास्त्रीय नाव चक्क ‘बाबू’ आहे, प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी १९१० मध्ये ठेवलेलं. दुर्लक्षाचं कारण सरळ आहे : सर्जंटोमियाच्या माद्या बहुतांशी पाली, सरडे, बेडूक यांचं रक्त पितात. ‘पालीची माशी, माणसाला काय करणार’ असं म्हणून सर्वेक्षणाच्या वहीत ती ‘इतर’ या रकान्यात टाकली जाते.

आमचा आक्षेप या रकान्यावर आहे. चंडीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चंडीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, हे बातम्यांत येतं. हाच विषाणू औरंगाबादच्या वाळूमाश्यांतून वेगळा काढल्याचा शोधनिबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, हे कुणी लिहीत नाही. मराठवाड्याचा या प्रकरणाशी संबंध इतका जुना आहे. २००३ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. करीमनगर त्या साथीतला जिल्हा. तिथे पकडलेल्या सर्जंटोमिया माश्यांत चंडीपुरा विषाणू आढळल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे पालीची माशी म्हणून सोडून दिलेली प्रजातीच संशयितांच्या यादीत आली. ती माणसांत रोग किती पसरवते हा वेगळा प्रश्न. पण मोजायचीच नाही ठरवलं तर त्याचं उत्तर मिळणार कुठून? २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ जणांत चंडीपुरा पक्का झाला.

आता ही राहते कुठे. तिला तीन गोष्टी लागतात : अंधार, ओल आणि कुजकट माती. मादी एका खेपेला तीस ते सत्तर अंडी घालते, पण पाण्यावर नाही, ओलसर मातीत. गोठ्याच्या भिंतीचा पाया, गव्हाणीमागची फट, शेण-मुताने भिजलेली कोपऱ्यातली माती, उंदराची बिळं, पडक्या वाड्याच्या दगडांच्या सांदी. अळी पांढुरकी, सुरवंटासारखी, शेपटाला लांब काळे केस. खाणं म्हणजे कुजलेला पालापाचोळा आणि शेणाचे कण. अंड्यापासून माशी व्हायला सव्वा ते दोन महिने लागतात. डासाचं हे काम आठ-दहा दिवसांत उरकतं, म्हणून दर आठवड्याला पाण्याची भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस डासाला लागू पडतो. वाळूमाशीला कोरडा दिवस, गप्पी मासे, टेमीफॉस (पाण्यात टाकायचं अळीनाशक) यांतलं काहीच लागू पडत नाही. अळी शोधायला जाऊ नका. घमेलंभर माती चाळून, पाण्यात ढवळून भिंगाखाली बघितली तरी अनेकदा एकही मिळत नाही, आणि संध्याकाळी त्याच भिंतीवर वीस माश्या बसलेल्या असतात.

मराठवाड्यातली घरं तिच्यासाठीच बांधल्यासारखी आहेत. दगड-मातीच्या जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद, आत अंधार, लगतच गोठा. त्यात जमीन काळी. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते, आणि दरवर्षी भिंतीला नवी भेग पडते. मे महिन्यात करंगळी जाईल एवढी असलेली भेग जूनमध्ये आतून ओलसर होते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे राहती घरं बदलली, तरी जनावरांची व्यवस्था जुन्याच दगडांत आहे असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं. मग माशी गोठ्यात वाढते आणि रात्री अंगणातल्या बाजेवर येते. फार लांब जात नाही. तिचं उडणं काही शे मीटरांच्या आतलं आणि तेही जमिनीलगत, वारा सुटला की बसून राहते. म्हणून उघड्या जागी टेबलफॅन हा उपाय ऐकायला हास्यास्पद वाटला तरी कामाचा आहे. साध्या मच्छरदाणीचं तसं नाही. एका चौरस इंचात १५६ छिद्रं असलेली जाळी डासाला अडवते, ही त्यातून सहज आत जाते. जाळी बारीक हवी किंवा कीटकनाशकाने भारलेली तरी हवी. बारीक जाळीत जूनमध्ये जीव गुदमरतो, त्यामुळे दुसरी बरी.

धुरळणीबद्दल थोडं न्यायाने बोलू. धूर हवेत उडणाऱ्या कीटकाला मारतो आणि काही मिनिटांत विरतो, भिंतीवर काही मागे ठेवत नाही. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून घरात आणि गोठ्यात धुरळणी केली, तर त्या वेळी बाहेर आलेल्या माश्या मरतील. पण गाडी येते सकाळी दहाला किंवा दुपारी, रस्त्याने जाते, आणि घरातली बाई वास नको म्हणून दार लावून घेते. माशी त्या वेळी भिंतीत तीन इंच आत बसलेली. भेगेतल्या अळ्या-कोषांना तर धुराचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे उद्या रात्री नव्या माश्या हजर.

काम भिंतीचं आहे आणि ते मे महिन्यातच व्हायला हवं. इथेच सर्वांत मोठी चूक होते : लोक मातीच्या भिंतीतल्या भेगेवर सिमेंट थापतात. दोन महिने भिंत छान दिसते. नंतर मातीची भिंत हलते, सिमेंट हलत नाही, पापुद्रा सुटतो आणि त्याच्यामागे पोकळी तयार होते. पूर्वी भेग होती, आता खोली झाली. मातीच्या भिंतीला मातीच पाहिजे. आधी भेग खिळ्याने किंवा खुरप्याच्या टोकाने खरवडून सुटी माती, जाळी, उंदराने ओढलेला कचरा बाहेर काढायचा. मग पाणी शिंपडून आत ओल मुरू द्यायची. कोरड्या भेगेत भरलेला गारा, म्हणजे कालवलेली माती, पाणी सोडतो, आकसतो आणि कडेने पुन्हा केसाएवढी फट ठेवतो. माशीला केसाएवढी पुरत नाही, पण पुढच्या पावसात ती बोटाएवढी होते. गाऱ्याला आठ-दहा घमेली चाळलेली माती, एक घमेलं विरवलेला चुना आणि दोन-तीन ओंजळी बारीक भुसा. माती फार चिकण असेल तर दोन घमेली वाळू वाढवा. गारा रात्रभर भिजू द्यावा. भेगेत बोटाने नाही, लाकडी पट्टीने ठासून भरावा, निदान दोन इंच आतपर्यंत. पहिला हात वाळून त्यावर बारीक चिरा दिसल्या की मग दुसरा पातळ हात.

चुना कळीचा, म्हणजे न विरवलेला, असेल तर तो लोखंडी ड्रममध्ये पाणी घेऊन त्यात थोडाथोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये, आणि प्लॅस्टिकची बादली तर नकोच, तो उकळतो. डोळ्यांना चष्मा हवा, लेकरं लांब हवीत. दोन दिवस विरू द्यावा. बिहारमध्ये भिंतींना चुना-मातीचं लिंपण करून वाळूमाशी कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत, ही काही आमची कल्पना नव्हे. एक भर मात्र आमची : जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या लिंपणात शेण घालू नका. वरचं शेणाचं सारवण वाळून खडखडीत होतं, त्याची भीती नाही. खालचा पट्टा जनावराच्या मुताने कायम ओला राहतो आणि तिथलं शेण अळीचं जेवण होतं. गोठ्याच्या भिंतीलगतची वीतभर पट्टी खरवडून तिथे मुरूम-चुना ठोकला आणि मुताला उताराची नाली दिली तर निम्मं काम तिथेच होतं. उकिरडा आणि कडब्याची गंजी घराच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची सवयही सोडावी लागेल.

त्यानंतर फवारणी. क्रम उलटा झाला तर औषध वाया. आरोग्य खात्याचे लोक जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीवर औषध मारून जातात आणि पंधरा दिवसांत महालक्ष्म्या येतात. घरोघरी पोतेरा फिरतो, औषधावर मातीचा थर चढतो. राहिलंच तर घटस्थापनेच्या आवराआवरीत जातं. बाईला दोष देऊ नका, सण तिने ठरवलेला नाही. फवारणीची तारीख ठरवणाऱ्याने पंचांग बघावं. लिंपण आधी, ते वाळल्यावर फवारणी, आणि पुढचे दहा-बारा आठवडे भिंतीला हात नाही. हे घरी सांगून यायला दोन मिनिटं लागतात.

प्रमाण असं : अल्फासायपरमेथ्रीन ५ टक्के भुकटी २५० ग्रॅम, पाणी १० लिटर. एवढ्यात ५०० चौरस मीटर पृष्ठभाग होतो, म्हणजे चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम औषध. भुकटी थेट बादलीत टाकली की गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. आधी थोड्या पाण्यात लापशी करा, मग बाकीचं पाणी घाला आणि फडक्यातून गाळून घ्या. भुकटी विरघळत नाही, तळाशी बसते. ढवळत राहिलं नाही तर पहिल्या घराला पाणी आणि शेवटच्या घराला विष मिळतं. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटर, पट्टा ५३ सेंटिमीटर रुंद, दुसरा पट्टा पहिल्यावर साडेसात सेंटिमीटर चढलेला. नोझलमधून मिनिटाला ७४० ते ८५० मिलिलिटर द्रावण बाहेर पडायला हवं. सकाळी मोजपात्रात एक मिनिट सोडून बघितलं की कळतं. झिजलेल्या नोझलने औषध ओघळतं, आणि ओघळलं ते भिंतीवर राहत नाही. उंची सहा फूट पुरे, वाळूमाशी वर क्वचित जाते. पण घराइतकाच गोठा महत्त्वाचा. फक्त राहत्या खोल्या फवारून ‘गाव पूर्ण’ लिहिणं म्हणजे चोर सोडून वाड्याला कुलूप लावणं. जनावरं बाहेर, गव्हाण झाकलेली, चारा हलवलेला, पाण्याचा हौद झाकलेला.

रेशीम करणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. बीड, जालना, परभणीकडे तुती वाढली आहे. या वर्गातलं औषध रेशीम अळीला अतिशय घातक असतं. कीटकसंगोपन गृहाच्या आसपास ही फवारणी नको. फवारणी करून आलेल्या माणसाने अंगावरच्या कपड्यांनी शेडमध्ये जाऊ नये, तुतीच्या पानालाही हात लावू नये. अशा शेतकऱ्याच्या घरी लिंपण आणि स्वच्छता हाच मार्ग.

घरात माशी आहे की नाही हे कुणालाही स्वस्तात बघता येतं. वहीच्या आकाराचा पांढरा जाड कागद, दोन्ही बाजूंनी एरंडेल तेलाचा हात. काठीच्या चिमट्यात धरून संध्याकाळी गोठ्यातल्या भेगेसमोर, जमिनीपासून फूटभर उंचीवर उभा करायचा, पहाटे काढायचा. तेल जास्त झालं तर गळून जातं, कमी झालं तर कागद पितो. बोट लावल्यावर चिकटून तार धरेल एवढं पुरे. मुंग्या लागतील अशा जागी ठेवलात तर सकाळी फक्त पंख उरतात. कागदावर कुबड असलेली, केसाळ, पंख उभे असलेली माशी दिसली की ती वाळूमाशी. फ्लेबोटोमस की सर्जंटोमिया हे साध्या डोळ्याने पक्कं कळत नाही. भिंगाखाली अंदाज येतो : फ्लेबोटोमसच्या पोटावरचे केस उभे, सर्जंटोमियाचे झोपलेले. पण तेलात केस चिकटलेले असतात, तिथे अंदाज फसतो.

पक्की ओळख डोक्यात आहे. माशीचं डोकं सुईने वेगळं करून अल्कलीच्या द्रावणात पारदर्शक करायचं आणि खालची बाजू वर ठेवून काचपट्टीवर बसवायचं. सर्जंटोमियाच्या घशाच्या पोकळीत दातांची आडवी रांग दिसते, कंगव्यासारखी. डोकं उलटं बसलं तर ही रांग झाकली जाते आणि नमुना फुकट जातो, नवशिक्याकडून हमखास होणारी चूक. एका माशीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे काम करणाऱ्या कीटक समाहारकांच्या जागा रिकाम्या राहतात, म्हणून ‘इतर’ हा रकाना सोयीचा झाला आहे. तो रद्द करून तिथे प्रजातीचं नाव लिहिणं, घर आणि गोठा यांची घनता वेगवेगळी नोंदवणं, आणि हे एप्रिलपासून करणं एवढीच मागणी आहे. रुग्ण सापडल्यावर मोजायला जाण्यात अर्थ थोडा. चंडीपुरा विषाणू वाळूमाशीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरू शकतो हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, म्हणजे दोन साथींच्या मधल्या काळातली माशीही मोजण्यासारखी आहे. त्यात विषाणू शोधायचा असेल तर माशी तेलाच्या कागदावरची चालत नाही. ती नळीने किंवा प्रकाश-सापळ्याने जिवंत पकडावी लागते आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेपर्यंत गोठलेलीच पोचावी लागते. अल्कोहोलात बुडवून पाठवलेल्या माशीतून जिवंत विषाणू मिळत नाही.

आणि बातमीदारांना एक विनंती. या आजारावर लस नाही, खास औषध नाही. लहान मुलात ताप, उलटी, झटका हा प्रवास काही तासांचा असतो आणि मृत्यू एक-दोन दिवसांत येऊ शकतो. ‘धुरळणी पूर्ण’ या ओळीच्या जागी ‘पंधरा वर्षांखालच्या मुलाला तापात झटका आला किंवा ते सुस्त पडलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा’ ही ओळ छापावी. जागा तेवढीच लागते.

कळावे,
हिवताप विभागातील दोन निवृत्त कीटक समाहारक
जि. परभणी